मेंदूज्वर आणि ह्यांचं नाव

आमच्या घरात मेंदूज्वर शिरला तो साध्या तापाच्या रूपात, पण त्याची पहिली खूण म्हणजे माझ्या तोंडून निघालेलं एक नाव. ते नाव माझ्या नवऱ्याचं. लग्नाला पस्तीस वर्षं होऊन गेली तरी ते मी उखाण्याबाहेर कधी उच्चारलं नव्हतं. बँकेत, रेशनच्या दुकानात, मुलीच्या शाळेत कोणी विचारलंच तर मी पर्समधून कार्ड काढून पुढे करायची. माझी मुलगी मृणाल याला हसते. ती नवऱ्याला नावानेच हाक मारते, कधीकधी त्याहून वाईट काहीतरी म्हणते, आणि त्यांचं उत्तम चाललंय. माझ्या माहेरी मालवणला आई-काकूंनी जे केलं ते मी केलं, एवढंच. लिहायला माझी हरकत नसते, म्हणून इथे लिहून टाकते: प्रभाकर परब.

हे सगळं लिहायचं कारण असं की हॉस्पिटलमधून घरी आल्यावर मला असं कोणीतरी हवं होतं, ज्याच्या मेंदूला सूज येऊन गेली आहे आणि जो आता नीट बसून चहा पितोय. सापडलं नाही. डॉक्टर बोलायचे ते अर्धं कळायचं आणि मोबाइलवर वाचलं की पूर्ण घाबरायला व्हायचं. म्हणून ज्यांच्या घरी आज हे चाललं असेल, त्यांच्यासाठी मी आपली माझी हकिगत सांगते.

नाव घ्या

आम्ही डोंबिवली पश्चिमेला राहतो. इमारतीच्या तळमजल्यावर मी बरीच वर्षं बालवाडी चालवली. पोरांपुढे चित्र धरायचं आणि विचारायचं, हे काय? बदक. हे काय? कुलूप. यात माझं निम्मं आयुष्य गेलं. हे शहाडच्या एका कारखान्यात फोरमन होते, आता निवृत्त.

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. दोन दिवस डोकं ठणकत होतं, अंग कोमट होतं. तापाची गोळी घेतली आणि कामाला लागले, कारण वाणाला चहाची गाळणी आणून ठेवली होती आणि अर्ध्या इमारतीला आमंत्रण गेलं होतं. आमच्या मजल्यावर माझ्या उखाण्यांची ख्याती आहे. दरवर्षी नवा करते, जुना चालवत नाही. त्यामुळे समोरच्या सावंतवहिनींनी तिळगूळ हातात घेतल्या घेतल्या फर्मान काढलं की आधी नाव घ्या.

यापुढचं बरंचसं मला आठवत नाही, लोकांनी सांगितलेलं सांगते. मी म्हणे उभी राहिले, सगळ्यांकडे बघितलं आणि आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाले, "प्रभाकर, अरे ते दार लाव ना, वारा येतोय."

बायका हसून हसून बेजार झाल्या. परबवहिनींनी यंदा नवीन फॅशनचा उखाणा काढला म्हणून टाळ्या पडल्या. हे हळदीकुंकवाच्या दिवशी आत बसून असतात. ते निमूट बाहेर आले, दार लावलं आणि परत आत गेले. नंतर ते मला म्हणाले की हाक ऐकल्यावर क्षणभर त्यांना त्यांची आईच आल्यासारखं वाटलं. सासूबाई जाऊन खूप वर्षं झाली. त्यांच्यानंतर ह्यांना 'प्रभाकर, अरे' म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. कारखान्यात परबसाहेब, इमारतीत परबकाका, मृणालचे बाबा, आणि माझे 'अहो'.

संध्याकाळी मी त्यांना चहा ठेवायला सांगितला, तोही नाव घेऊनच. त्यांनी ठेवला. थोडं हसतही होते म्हणे. दुसऱ्या दिवशी सकाळी ताप वाढला आणि मी मिक्सरकडे बोट दाखवून "तो प्रभाकर दे" म्हणाले. तेव्हा मात्र त्यांचं हसू गेलं. सावंतवहिनी बघायला आल्या, त्यांनी ताप डोक्यात गेला असं म्हणून कपाळावर पट्ट्या ठेवायला सांगितल्या. दुपारी मृणाल तिचं वाण न्यायला म्हणून ठाण्याजवळच्या कोलशेतहून आली. ती तिथे मोठ्या टॉवरमध्ये राहते. तिने दारातून विचारलं, आई कशी आहेस. मी तिच्याकडे बघून प्रेमाने म्हणाले, "ये प्रभाकर." आणि मग मला आकडी आली.

ठाण्याचं हॉस्पिटल

अ‍ॅम्ब्युलन्समधून ठाण्याला नेलं. डोक्याचा फोटो काढला, पाठीच्या कण्यातलं पाणी काढून तपासलं. मला त्यातलं एकच आठवतं, की कोणीतरी माझे गुडघे पोटाशी धरून ठेवले होते आणि तो हात उबदार होता. निदान झालं ते असं: विषाणूमुळे मेंदूला सूज. तापानंतर ओठाच्या कडेला फोड येतो ना, त्या फोडाचा विषाणू. बहुतेकांच्या अंगात तो लहानपणापासून नसांच्या मुळाशी गप्प पडून असतो. लाखात एखाद्याचा तो वरच्या दिशेला निघतो. लाखात एक म्हटल्यावर माणसाला लॉटरी आठवते. मला सोडतीत कधी कुकरसुद्धा लागला नव्हता, लागलं ते हे.

औषध शिरेतून, दिवसातून तीनदा, आणि ते दोन-तीन आठवडे चालणार होतं. डॉक्टरांनी ह्यांना आणि मृणालला बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं. जीव बहुतेक वाचेल, औषध वेळेत सुरू झालंय. पण सूज डाव्या बाजूला आहे, जिथे शब्द राहतात. त्या परत कितपत बोलतील, आणि बोलल्या तरी आधीच्याच असतील का, ते आज सांगता येणार नाही.

आमच्या घरात पुढचे सगळे दिवस याच एका प्रश्नाभोवती गेले. मी राहीन का, हा प्रश्न मागे पडला. राहिले तर ती कोण असेल, हा पुढे आला.

तिथल्या कॉरिडॉरमध्ये बापलेकीचं भांडण झालं. ते मला मृणालने काही महिन्यांनंतर सांगितलं, आणि सांगताना ती रडली. माझ्या मुलीचा स्वभाव माझ्यावर गेलाय, ती मनात ठेवत नाही. ती बापाला म्हणाली, "बाबा, आईने तुम्हाला नावाने हाक मारली. आईने. तेव्हाच कळायला नको का काहीतरी गडबड आहे? एक अख्खा दिवस तुम्ही घालवलात."

हे म्हणाले, "कळलेलं गं मला. पण बरं वाटलं."

मृणालला आणखी राग येणार होता, तो त्या उत्तराने आला नाही, आणि त्या गोष्टीचाच तिला पुढे बरेच दिवस राग आला. दोघं एकाच डब्यातलं जेवायची, पण एकमेकांशी फक्त सलाइनबद्दल बोलायची.

सगळंच प्रभाकर

आयसीयूतून वॉर्डात आले तेव्हा मला जग परत दिसायला लागलं. खिडकीतून ऊन यायचं, मावशी चादर बदलायच्या, पातळ भाताची पेज यायची. माणसं ओळखू यायची. मृणालला बघितलं की ही माझी मुलगी हे कळायचं, तिचा जन्म, तिचा हट्टीपणा, सगळं आठवायचं. नाव यायचं नाही. पाण्याचा पेला बघितला की तहान कळायची, पेला हा शब्द यायचा नाही.

त्याच्या जागी एकच शब्द यायचा.

शिकाऊ डॉक्टर होत्या एक, कोवळ्या वयाच्या, चेहरा कायम झोप न झालेला. रोज सकाळी त्या खिशातलं पेन काढून माझ्यापुढे धरायच्या. हे काय? मी पूर्ण आत्मविश्वासाने सांगायची, प्रभाकर. मनगटावरचं घड्याळ दाखवायच्या. प्रभाकर. चष्मा? प्रभाकर. आणि उशाशी बसलेले माझे यजमान दर वेळी सवयीने म्हणायचे, "ओ."

हसू येतंय ना? मलाही आता येतं. तेव्हा मला कळायचं की मी चुकतेय. तोंडातून बाहेर पडलेला शब्द कानावर आला की कळायचं, आणि मी तो परत घेऊन दुसरा काढायला जायची तर हाताला तोच लागायचा. आयुष्यभर पोरांना 'हे काय' विचारलं, आता कोणीतरी मला विचारतंय आणि मला येत नाही. फार अपमान वाटायचा. एकदा मी त्या पोरीचं पेन ढकलून दिलं. तिने ते उचललं, पुसलं आणि शांतपणे म्हणाली की उद्या परत विचारीन.

माझ्या शेजारच्या खाटेवर खाडीकडच्या गावातल्या एक आजी होत्या, पायाला प्लास्टर. त्या एकदा कौतुकाने म्हणाल्या, "आमाला सगल्यांना तुजे मानसाचं नाव पाठ झालंय गो." खरंच झालं होतं. वॉर्डबॉयसुद्धा ह्यांना प्रभाकरकाका म्हणायला लागला. हे खाली बघायचे. पस्तीस वर्षांत जे उखाण्याशिवाय चार भिंतींतही उच्चारलं नाही, ते मी भर वॉर्डात वाटत सुटले होते.

मग वाचा शिकवणाऱ्या बाई यायला लागल्या. त्यांनी दोन दिवस बघितलं आणि ह्यांना बाजूला घेतलं. त्यांचं म्हणणं असं, की काका, तुम्ही ओ देऊ नका. त्यांनी कपाला प्रभाकर म्हटलं आणि तुम्ही ओ दिलीत, तर त्यांच्या मेंदूला वाटतं की शब्द लागू पडला. मग दुसरा शब्द शोधायचे कष्ट तो घेत नाही.

त्या दिवसापासून हे गप्प झाले. मी हाक मारायची, खरोखरची हाकसुद्धा, आणि ते ओठ मिटून बसायचे. तोंड खिडकीकडे करायचे. मला ते कळायचं नाही, मला वाटायचं रागावलेत. एकदा मी त्यांना हाका मारता मारता रडायला लागले. तरी त्यांनी ओ दिली नाही. त्यांनी फक्त माझ्या हातात कप ठेवला आणि हळूच म्हणाले, कप. मला वाटतं आमच्या सगळ्या संसारात त्यांनी केलेलं सगळ्यात अवघड काम ते असेल.

जिन्यातली गर्दी

मोठे डॉक्टर राउंडला यायचे ते घाईत असायचे, पण एका रविवारी निवांत होते. मृणालने त्यांना विचारलं की विषाणू तर आता तपासणीत दिसत नाही म्हणता, मग आई अजून अशी का?

त्यांनी खुर्ची ओढली. म्हणाले, तुमच्या सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे ना? समजा एका फ्लॅटमध्ये चोर शिरला. त्या घरातला माणूस पहिलं काय करतो, ग्रुपवर टाकतो. शेजारी वाचतात आणि कड्या लावून घेतात. मग सगळे काठ्या घेऊन जिन्यात जमतात. चोर एकटाच, जिन्यात माणसं पन्नास. चोर पळतो किंवा सापडतो, पण तोवर जिन्यातून ना दूधवाला वर जाऊ शकतो ना कचरेवाला खाली. मेंदूची सूज ती ही. थोडी मोडतोड चोराने केलेली, बरीचशी या गर्दीने.

मेंदूतली पेशी आपली बसून मार खाते असं मला वाटायचं. तसं नसतं म्हणाले. तिच्यात जनुकं असतात, त्यांतली काही याच कामासाठी राखून ठेवलेली. एरवी ती जवळजवळ बंदच असतात. विषाणू आत शिरल्याचं पेशीला समजलं की ती चालू होतात, आणि पेशी इशाऱ्याचे रेणू बाहेर सोडायला लागते. शेजारच्या पेशींना ते पोचले की त्यांच्यातलीही तसलीच जनुकं चालू होतात. एकीकडून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे. त्यामुळेच माणूस वाचतो. पण चोर गेला म्हणून ग्रुप लगेच गप्प होत नाही. मेसेज येतच राहतात, लोक जिन्यातच उभे राहतात. ते सगळं बंद व्हायला वेळ लागतो, आणि त्याला तुम्ही आम्ही घाई करू शकत नाही.

मी ते सगळं ऐकत होते. उत्तर देता येत नव्हतं, पण समजत होतं. माझ्या मनाला त्या बोलण्याने फार शांत वाटलं. तोवर मला वाटायचं की माझा मेंदू सडतोय. आता कळलं की तो भांडतोय, जरा जास्तच भांडतोय, म्हणजे माझाच आहे.

पुढे घरी आल्यावर एक गोष्ट मनात आली, ती शास्त्रात बसते की नाही मला माहीत नाही. आयुष्यभर आत बंद असलेलं काहीतरी विषाणू आल्यावर चालू होतं, असं डॉक्टर म्हणाले. माझ्यातही लग्नाच्या दिवसापासून एक शब्द बंद होता. रोज मनात असायचा, तोंडात फक्त उखाण्यापुरता. बाकीचे शब्द मी रोज वापरले, ते सगळे पळाले. धोक्याच्या वेळी चालू झाला तो तोच. पेशी शेजारणीला हाक मारतात, मी ह्यांना मारली.

शहामृग

ह्यांनी घरून माझे बालवाडीचे तक्ते आणले. मी स्वतः रंगवलेले, कडा झिजलेल्या. खाटेवर पसरले आणि एकेका चित्रावर बोट ठेवत बसले. त्या दिवशी सकाळपासून एकही शब्द धड येत नव्हता. त्यांचं बोट 'श' वर आलं आणि मी म्हणाले, "शहामृग."

पेला येईना, चमचा येईना, पोटच्या पोरीचं नाव येईना आणि आलं काय तर शहामृग. मी आयुष्यात तो पक्षी पाहिलेला नाही. मृणाल आधी हसली, मग बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मला वाटतं त्यांचं भांडण तिथे मिटलं. माफी वगैरे कोणी मागितली नाही, पण त्या दुपारी दोघं मृणालच्या टॉवरला येणाऱ्या पाण्याच्या टँकरवरून गप्पा मारत जेवली.

त्यानंतर शब्द यायला लागले, पण लहरीप्रमाणे. आज आलेला उद्या नसायचा. 'मृणाल' आलं तेव्हा मी ते इतक्या वेळा म्हटलं की ती म्हणाली, "आई, आता बस, मी इथेच आहे." आणि जसजसे हे शब्द आपापल्या जागी आले, तसा तो एक शब्द कमी व्हायला लागला. कपाला कप, पेनला पेन. एका सकाळी मला घाम पुसायला टॉवेल हवा होता. मी ह्यांच्याकडे बघितलं, आणि तोंडातून निघालं, "अहो."

त्यांनी टॉवेल दिला. आजी म्हणाल्या, की आज नाव नाय घेतलंस गो.

घरी आलो तेव्हा उन्हाळा लागला होता. ज्यांच्या घरी असा रुग्ण परतणार आहे त्यांना सांगते, घरी आल्यावर सगळं संपत नाही. मी चार भांडी घासली की झोपायची. क्षुल्लक गोष्टीवरून ओरडायची. टीव्हीचा आवाज सहन व्हायचा नाही. सावंतवहिनी कुळथाचं पिठलं आणून द्यायच्या आणि मुद्दाम जास्त न बोलता जायच्या, हा त्यांचा मोठा उपकार, कारण त्यांना गप्प बसणं किती जड जातं मला माहीत आहे. आणि हे मला सारखे बघायचे. मी झोपेत काही पुटपुटले तरी उठून बसायचे. मला कळायचं ते काय ऐकायला कान लावून आहेत. त्यांचं स्वतःचं नाव. एकेकाळी ज्याने त्यांना बरं वाटलं होतं, तेच आता माझ्या तोंडून आलं तर त्यांनी तडक ॲम्ब्युलन्स बोलावली असती. मला त्याचं फार वाईट वाटायचं, आणि ते सांगायला नेमके शब्द नव्हते.

हे कोण?

तपासणीसाठी आम्ही तिघं ठाण्याला परत गेलो. तीच शिकाऊ डॉक्टर होती, चेहरा तसाच झोप न झालेला. मोठे डॉक्टर बाजूला बसून रिपोर्ट बघत होते. आकडीची गोळी पुढे चालू ठेवायची की नाही, मी पुन्हा बालवाडीत बसू शकते की नाही, हे त्या दिवशी ठरायचं होतं. मला परत मुलांपुढे उभं राहायचं होतं. त्यासाठी ही परीक्षा नीट द्यायची होती.

तिने खिशातलं पेन काढलं. मी म्हणाले, पेन, आणि ते ढकललं म्हणून तुझी माफी मागते. ती हसली. घड्याळ. चष्मा. किल्ली. खिडकी. पटापट. आज वार कोणता, आपण कुठे आहोत, मुलीचं नाव काय. सगळं बरोबर. मग तिने सहज शेजारच्या खुर्चीकडे बोट केलं.

"आणि हे कोण?"

"आमचे हे."

"हो, पण नाव काय त्यांचं?"

मी गप्प बसले.

तिने परत विचारलं. मी पदर सारखा केला आणि खाली बघितलं. मला नाव येत होतं. अगदी स्वच्छ, जिभेच्या टोकावर होतं. पण दवाखान्यात, परक्या माणसांसमोर, ते बाजूला बसलेले असताना, कसं घ्यायचं? मला नेहमी वाटते तशी लाज वाटली. गालावर ऊन आल्यासारखं झालं. किती महिन्यांनी वाटली होती ती लाज.

त्या पोरीचा चेहरा पडला. तिने मोठ्या डॉक्टरांकडे बघितलं. त्यांनी रिपोर्ट खाली ठेवला. मृणालचा हात माझ्या खांद्यावर घट्ट झाला. जो शब्द सगळ्यात पक्का होता तोच गेला, असं त्यांना वाटलं असणार.

आणि हे हसायला लागले. आधी नाकातल्या नाकात, मग उघड. चष्मा काढून डोळे पुसत म्हणाले, "डॉक्टर, लिहा तुम्ही. ही बरी झाली. आधीचीच आहे."

डॉक्टरांना काही कळेना. मृणालला कळलं, ती मटकन खुर्चीत बसली आणि म्हणाली की आई, तू ना, खरंच धन्य आहेस. मग तिने त्या मुलीला समजावलं की आमची आई बाबांचं नाव घेत नाही, कधीच घेत नव्हती, आजारात घेत होती म्हणूनच तर आम्ही घाबरलेलो. ती मुलगी थक्क होऊन माझ्याकडे बघायला लागली. मग तिने भाबडेपणाने विचारलं की पण मला तपासायचं तर आहे, तुम्हाला येतं की नाही ते मी कसं लिहू?

तिचंही बरोबर होतं. आणि त्यावर आमच्याकडे उपाय असतो. मी ताठ बसले, घसा साफ केला आणि म्हणाले,

"पेनाला पेन म्हणते, घड्याळाला घड्याळ,
प्रभाकररावांचं नाव घेते, उजाडली सकाळ."

मोठे डॉक्टर स्वतः टाळ्या वाजवत होते. बाहेर रांगेत बसलेल्या कोणीतरी दार ढकलून आत डोकावलं. मी ह्यांच्याकडे बघितलं. ते हसत नव्हते आता. ते माझ्याकडे तसं बघत होते, जसं लग्नाच्या दिवशी, पहिल्या उखाण्याच्या वेळी, बघितलं होतं. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

रोजचा सराव

बालवाडीत मी परत जाते, अर्धा वेळ. काही शब्द अजून येत नाहीत, एका पालेभाजीचं नाव तर कायमचं गेलंय, भाजीवाल्याला बोटाने दाखवते. मुलांना सांगून ठेवलंय की बाईंना कधी शब्द आला नाही तर तुम्ही सांगायचा. ती फार आनंदाने सांगतात. आणि ताप आलेला माणूस भलतंच बोलायला लागला, वेगळंच वागायला लागला, तर पट्ट्या ठेवत बसू नका, हसू नका, लाजू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. माझ्या हकिगतीतून एवढं घेतलंत तरी पुरे.

वाचा शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलंय की रोज सकाळी घरातल्या वस्तूंची नावं मोठ्याने घ्यायची. मी स्वयंपाकघरात उभी राहून घेते. कप. बशी. साखर. पातेलं. गाळणं, त्या हळदीकुंकवातलं उरलेलं. हे बाहेर पेपर वाचत असतात. आधी ते माझा आवाज चालू झाला की पेपर खाली ठेवायचे, श्वास रोखून ऐकायचे. आता ठेवत नाहीत.

चहा गाळून झाला की मी दाराकडे बघते, मृणाल आलेली नाही ना, सावंतवहिनी जिन्यात नाहीत ना. मग सगळ्यात शेवटी, हळू आवाजात, यादीतलं एक नाव मुद्दाम घेते.

बाहेरून ते म्हणतात, "ओ."